कविता म्हणायची राहून गेली

मराठीत कविता कानावर पडत नाही, अशी तक्रार कुणाला करता येणार नाही. गावोगाव कविसंमेलनं होतात, साहित्य संमेलनात कविकट्टा रात्री उशिरापर्यंत चालतो आणि फोन उघडला की कुणीतरी बासरीच्या पार्श्वसंगीतावर ओळी म्हणत असतं. तरीही कविता मोठ्याने म्हणून ती समजून घ्यायची आणि दुसऱ्याला समजावून द्यायची जी रीत आपल्याकडे होती, ती खंगली आहे असं माझं मत आहे. कार्यक्रम वाढले, कान मात्र तयार झाले नाहीत.

मर्ढेकरांची पिंपातल्या मेलेल्या उंदरांवरची कविता घ्या. ‘यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट’ एवढं फळ्यावर लिहिलं की ती शिकवून झाली, असं बहुतेक वर्गांत मानलं जातं. आता तीच मोठ्याने म्हणून पाहा. आठ मात्रा, किंचित विसावा, पुन्हा आठ मात्रा. हे पादाकुलक वृत्त. कितीतरी बालगीतांचा सांगाडा हाच. विषय किळस आणणारा, चाल मात्र शहाण्या मुलासारखी हाताची घडी घालून बसलेली. ही कविता या विसंगतीवरच उभी आहे आणि ती विसंगती कागदावर दिसत नाही. रडवेल्या सुरात म्हटली तर तालाचा थंडपणा जातो, गद्यासारखी वाचली तर तालच जातो. मात्रा बिनचूक राखून, आवाज न चढवता, कोरडेपणाने म्हटली की वर्गातलं एखादं मूल फिसकन हसतं आणि लगेच गप्प होतं. हसू का आलं आणि का थांबलं, यावर बोलायला लागलं की कविता शिकवायला सुरुवात झाली.

ओळ म्हणायची तर ठरवावं लागतं. भार कोणत्या शब्दावर, श्वास कुठे, प्रश्न खरा की खवचट? नजरेने वाचणाऱ्याला हे सगळं टाळता येतं. परीक्षेत तर ते टाळूनही रसग्रहणाचे पूर्ण गुण मिळतात.

कविता म्हणून उलगडायची ही रीत आपल्याकडे फार जुनी. मोरोपंतांची आर्या एकदा वाचून उलगडत नाही. समास लांबलचक, कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या. कीर्तनकार ती आधी चालीवर म्हणतो, मग पदं सोडवून अन्वय लावतो आणि पुन्हा म्हणतो. दुसऱ्यांदा ऐकताना श्रोत्याला ती कळते, आणि ‘मला कळली’ याचा आनंदही होतो. शिक्षणशास्त्राची पुस्तकं न उघडता चाललेलं हे उत्तम अध्यापन होतं. 1854 साली परशुरामतात्या गोडबोल्यांचं ‘नवनीत’ छापून आलं आणि हीच जुनी कविता शाळेच्या पुस्तकात शिरली. तिथे मात्र घोकंपट्टीच जास्त झाली. छडीच्या धाकाने पाठ झालेल्या श्लोकांना समज म्हणता येणार नाही. तेव्हा ‘पूर्वी सगळं पाठ असायचं’ हा उसासा मला फारसा पटत नाही.

1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं आणि काव्यगायन हा सार्वजनिक कार्यक्रम बनला. यशवंत, गिरीश, माधव ज्यूलियन यांच्या कविता लोकांनी वाचल्या त्याहून अधिक ऐकल्या. दोनच वर्षांनी आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ आली. ती विडंबनं हशा पिकवू शकली, कारण मूळ कवितेची ढब लोकांच्या कानात ताजी होती. आज एखाद्या समकालीन कवीचं विडंबन केलं तर ते कुणाचं आहे हे सभागृहातल्या किती जणांना ओळखता येईल?

पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी महाराष्ट्र पालथा घातला. तिघांची म्हणण्याची तऱ्हा वेगवेगळी, आणि एकाच व्यासपीठावर त्या तीन तऱ्हा शेजारी शेजारी ऐकायला मिळणं हाच श्रोत्यांचा अभ्यासक्रम होता. त्यांची नक्कल करणाऱ्यांनी आवाज तेवढा उचलला. विंदांची ‘झपताल’ ही पहाटेपासून घरात राबणाऱ्या बाईची कविता. वेग शीर्षकातच सांगून ठेवलेला आहे. तरी महिलादिनाच्या कार्यक्रमात ती कळवळून, थांबत थांबत, डोळे पुसत वाचली जाते. बाईला एवढी फुरसत असती तर कविता लिहायचं कारण काय होतं?

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सुनीताबाई देशपांडे यांचं काव्यवाचन. पुलंबरोबर त्यांनी बोरकरांच्या कवितेवर ‘एक आनंदयात्रा कवितेची’ हा कार्यक्रम केला. त्याचं ध्वनिमुद्रण ऐकावं. बोरकर स्वतः आपली कविता गात असत. ती त्यांची रीत. सुनीताबाई गात नाहीत आणि अभिनयाच्याही वाटेला जात नाहीत. शब्द स्वच्छ, ओळीचा शेवट राखलेला, विराम नेमका. आपण आवाजावर खूश होण्याऐवजी कवितेकडे वळतो. वाचिक अभिनयाच्या शिबिरांत ही गोष्ट क्वचितच शिकवली जाते. तिथे भर ‘भावना पोचवण्या’वर.

भावगीतांनी मराठी कवितेवर मोठे उपकार केले आणि थोडी पंचाईतही. हृदयनाथ मंगेशकरांनी आरती प्रभू आणि ग्रेस यांच्या कवितांना दिलेल्या चाली अप्रतिम आहेत. पण चाल एकदा मनात बसली की ती कविता दुसऱ्या कुठल्या आवाजात ऐकूच येत नाही. कुठे लांबवायचं, कुठे परत फिरायचं हे संगीतकाराने आपल्या वतीने ठरवून टाकलेलं असतं.

मुक्तछंदाची गत वेगळीच. नारायण सुर्वे यांची ओळ बोलण्याच्या ठेक्यावर तुटते. शिक्षक ती सलग परिच्छेदासारखी वाचून टाकतात आणि कवीने ज्यासाठी ओळ मोडली ते कारणच नाहीसं होतं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ वाचताना उलट प्रकार. ढसाळ म्हणजे ओरडायचं, असा एक समज रूढ झाला आहे. त्या लांबलचक, श्वास पुरू न देणाऱ्या वाक्यांत मध्येच एखादा कोवळा शब्द येतो. ओरडणाऱ्याच्या तोंडून तो चिरडला जातो.

बहिणाबाईंची कविता शहरी स्पर्धेत ऐकणं हा तर शिक्षेचाच प्रकार. जात्यावर आणि शेतात काम करता करता सुचलेल्या या रचना. बोली लेवा, ‘ळ’च्या जागी ‘य’ बोलणारी. जळगावकडच्या मुलाला ती वेगळी शिकवावी लागत नाही. पुण्या-मुंबईत मात्र मूल कमरेवर हात ठेवून सिनेमातला गावरान हेल काढतं आणि परीक्षक माना डोलावतात. हेल न काढता, छापलेले उच्चार प्रामाणिकपणे केले तरी पुष्कळ साधेल.

शाळेत यातलं काय उरलं आहे? 2019 च्या दहावीच्या परीक्षेसाठी भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी 89.41 टक्के लागलेला निकाल 77.10 वर आला. घसरणीचं एक मोठं कारण हे 20 गुण मानलं गेलं, ओरड झाली आणि ते परत आले. त्या सगळ्या वादात टक्केवारीवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. मुलं तोंडी परीक्षेत नेमकं काय करतात, हा प्रश्न बाजूलाच राहिला. खरं तर बहुतेक ठिकाणी रांगेत उभं राहून एक कडवं म्हणायचं आणि गुण घेऊन बसायचं, एवढंच होत आलं आहे.

अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी ‘पोएट्री आउट लाउड’ नावाची काव्यपठणाची स्पर्धा गेली जवळपास वीस वर्षं चालू आहे. तिच्या निकषांत आवाज आणि उभं राहणं यांच्याबरोबर ‘कविता समजल्याची खूण’ असा स्वतंत्र निकष आहे, आणि कवितेला न शोभणारा अतिरेकी अभिनय तिथे दोष ठरतो. आपल्या आंतरशालेय स्पर्धांच्या पत्रकावर ‘हावभाव’ असतो, वेशभूषेलाही कधीकधी गुण असतात. समजेचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. स्पर्धेतून समज येते असा माझा दावा नाही, पण रकाना असला तर परीक्षकाला निदान ऐकावं तरी लागेल.

साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांची तासिका, ही अडचण शिक्षक सांगतात आणि ती खरी आहे. साठांनी म्हणायची गरज नाही. एकच कडवं दोघांनी दोन तऱ्हांनी म्हणावं आणि बाकीच्यांनी भांडावं. तोंडी परीक्षेतही कडवं म्हणून झाल्यावर मुलाला एकच प्रश्न विचारता येईल: ‘या शब्दानंतर का थांबलास?’ ‘दम लागला’ हे उत्तर आलं तरी चालेल. तिथे दम लागेल अशी ओळ कवीने का लिहिली, हा पुढचा प्रश्न आपोआप निघतो.