पर्यटनामुळे शेजारी देश जवळ येतात? लुंबिनीपर्यंत जाऊन तपासू

पेटचा निकाल लागला की खामगाव-शेगाव भागातले ओळखीचे विद्यार्थी आपापले सिनॉप्सिस वाचायला पाठवतात. अर्थशास्त्र, वाणिज्य, पर्यटन, यातला विषय कुठलाही असो, एक वाक्य हमखास भेटतं : 'पर्यटन हे शेजारी देशांमधील प्रादेशिक आर्थिक सहकार्याचे प्रमुख चालक आहे.' त्यापाठोपाठ सार्क, बिमस्टेक, सासेक ही नावं, मग 'बौद्ध सर्किट', आणि लगेच उद्दिष्टे. आज या एका वाक्याची उलटतपासणी करू. कारण आरआरसीसमोर बसल्यावर पहिला प्रश्न यावरच येऊ शकतो, आणि 'सर, रिपोर्टमध्ये असं दिलंय' हे उत्तर तिथे चालत नाही.

मुळात या वाक्यात दोन वेगळे दावे एकत्र शिवलेले आहेत. पहिला दावा म्हणजे पर्यटनाने अर्थव्यवस्था वाढते. याचं साहित्य भरपूर आहे. बालागेर आणि कांतावेया-जोर्दा यांचा २००२ चा स्पेनवरचा लेख या प्रवाहातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा. पण तो एका देशाच्या वाढीबद्दल बोलतो, दोन देशांच्या सहकार्याबद्दल नाही. दुसरा दावा असा, की लोकांची ये-जा वाढली की सरकारं जवळ येतात. इथे स्टीफन लिटविन यांचा १९९८ चा लेख वाचाच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पर्यटन शांततेचं फळ खातं, शांतता पेरत नाही. म्हणजे बाण उलटा आहे. आपल्याकडचे बहुतेक सिनॉप्सिस पहिल्या दाव्याचे संदर्भ देतात आणि निष्कर्ष मात्र दुसऱ्या दाव्याचा काढतात.

आता हे आपल्या जवळच्या उदाहरणावर लावून बघू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. तेव्हापासून विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांसाठी बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि सीमेपलीकडची लुंबिनी ही एकाच यात्रेची ठिकाणं आहेत. आपल्या भागातून भुसावळमार्गे गोरखपूर, तिथून सोनौली, सीमा ओलांडली की भैरहवा आणि पुढे लुंबिनी. सर्किट सर्किट म्हणतात ते हेच, फक्त इथले लोक ते सरकारी योजना यायच्या कितीतरी आधीपासून करत आलेत.

ही ये-जा शक्य कशामुळे झाली? ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आणि त्याहून जुन्या खुल्या सीमेमुळे. भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून १ भारतीय रुपयाला १.६० असा बांधलेला आहे. म्हणजे सहकार्य आधी होतं, यात्रेकरू त्यातून गेले. बरं, इतकी वर्षं इतके यात्रेकरू गेले म्हणून सहकार्य आणखी घट्ट झालं का? सप्टेंबर २०१५ नंतर सीमेवर मालवाहतूक अडली आणि नेपाळात पेट्रोल-गॅसची टंचाई अनेक महिने चालली. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० रुपयांवरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. यात्रेकरूंच्या संख्येने यातलं काही थांबवल्याचं दिसत नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण भैरहवाच्या विमानतळाचं. आशियाई विकास बँकेच्या कर्जातून, सासेकच्या पर्यटन-पायाभूत कार्यक्रमात, चिनी कंत्राटदाराकडून गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला. उद्घाटन १६ मे २०२२, बुद्धपौर्णिमा. त्याच दिवशी भारताचे पंतप्रधान लुंबिनीत होते, पण आले कुशीनगरहून हेलिकॉप्टरने, आणि उतरले लुंबिनीतच बांधलेल्या हेलिपॅडवर. कुशीनगरचा आपला आंतरराष्ट्रीय विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्येच सुरू झाला होता. पश्चिमेकडून थेट येण्यासाठी नेपाळ भारताकडे जादा हवाई प्रवेशमार्ग मागत होता. ते मिळाले नाहीत, आणि नव्या विमानतळावर नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं फारच थोडी राहिली. एकाच बुद्धासाठी जवळजवळ दोन विमानतळ! याला सहकार्य म्हणायचं की स्पर्धा, हे तुमच्या प्रबंधाला ठरवावं लागेल. अहवालातला 'प्रादेशिक सर्किट' हा शब्द ते ठरवून देत नाही.

आता आकडेवारीकडे येऊ, कारण खरी पंचाईत इथे आहे. नेपाळच्या पर्यटक-आगमनाच्या आकड्यांत भारतीय म्हणून जे मोजले जातात ते प्रामुख्याने विमानाने येणारे. सोनौलीच्या कमानीखालून चालत किंवा बसने जाणारा माणूस त्या रकान्यात सहसा येत नाही. व्हिसाच नाही तर मोजणार कसं? म्हणजे मुंबई-दिल्लीहून उडणारा पर्यटक हा 'डेटा' आणि खामगाव-अकोल्याहून बसने गेलेली माणसं हवेत विरून जातात. त्या आकड्यांवर तुम्ही ग्रँजर कारणता चाचणी लावली, पी-व्हॅल्यू सुंदर आली, तरी ज्यांच्या जिवावर हे सर्किट टिकलंय तेच नमुन्याबाहेर राहिले. माझ्या मते हा फक्त तांत्रिक दोष नाही. कुठल्या प्रवाशाला 'पर्यटक' म्हणायचं आणि कुणाला 'यात्रेकरूंची गर्दी', यात जात आणि ऐपत दोन्ही लपलेली असतात.

आणि खर्च? आपल्याकडच्या यात्रा-सहलींची पद्धत तुम्हाला माहीत आहे. बससोबत आचारी, गॅस, तांदूळ-डाळ, तिखटमीठसुद्धा घरून. लुंबिनीत बऱ्याचदा एकच दिवस, मुक्काम सीमेच्या अलीकडे. नेपाळला मिळतं ते बसच्या भन्सारचे पैसे (भन्सार म्हणजे तिकडची जकात, गाडीमागे रोजच्या हिशेबाने), चहा, माळा, छोट्या मूर्ती. बसचं भाडं आणि आयोजकाचा नफा इकडेच राहतो. 'पर्यटन-खर्चामुळे शेजारी अर्थव्यवस्थेला चालना' हे वाक्य या बसवर बसत नाही. कदाचित दुसऱ्या प्रकारच्या प्रवाशावर बसत असेल. मग तो प्रवासी कोण, हे लिहा.

उलट बाजूचा पुरावाही ठेवतो, नाहीतर ही टीका एकांगी होईल. कर्तारपूर. २०१९ च्या फेब्रुवारीत पुलवामा आणि बालाकोट झालं, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार बंद केला, आणि तरी ९ नोव्हेंबरला कॉरिडॉर उघडला. भाविकांच्या मागणीने दोन सरकारांना हलवलं, हे मान्य करायलाच हवं. पण नीट बघा, हललं ते फक्त तेवढंच दार. व्यापार बंदच राहिला. मे २०२५ मध्ये तणाव वाढला तेव्हा भारताने तेही दार बंद केलं. मालदीवचं तर अजून वेगळं. २०२३ मध्ये तिथे भारतीय पर्यटक सर्वाधिक, २ लाखांहून जास्त. जानेवारी २०२४ च्या वादानंतर तीच संख्या दबावाचं हत्यार झाली. पर्यटक जितके जास्त, तितकं बहिष्काराचं वजन जास्त. हा परिणाम 'चालक' या शब्दात कुठे मावतो?

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं? 'दक्षिण आशियातील पर्यटन व आर्थिक सहकार्य : एक अभ्यास' हे शीर्षक आधी खोडा. त्याऐवजी एक सीमानाका, एक प्रवासी-गट आणि सरकारचा एक निर्णय पकडा. उदाहरणार्थ, नोटबंदीचा नेपाळचा २०१८ चा निर्णय आणि विदर्भातले बौद्ध यात्रेकरू. त्यानंतर सहलींचा मुक्काम, खर्च, मार्ग बदलला का? आयोजकांनी नेपाळच्या बाजूने कुणाकडे तक्रार केली, भैरहवाच्या दुकानदारांनी केली का, आणि त्या दबावाने काही हललं का? हलल्याचं सापडलं तर 'चालक' शब्दाला पहिला खरा पुरावा मिळेल. नाही सापडलं तरी प्रबंध होतो, आणि चांगला होतो.

साहित्य फार लांब नाही. आपल्या भागात वर्षानुवर्षं सहली नेणारे आयोजक आहेत. त्यांच्या वह्यांत प्रवाशांची यादी, भाडं, भन्सारच्या पावत्या, कुठे थांबलो ते सगळं असतं. वह्या मागायला जाताना गाईडचं पत्र न्या, पण खिशातच ठेवा. आधी त्यांच्यासोबत चहा प्या आणि पहिली सहल कधी नेली ते विचारा. कुटुंबांकडे जुने ग्रुप फोटो निघतील, मागे तारीख लिहिलेले. फोटोत बसचा नंबर दिसत असेल तर तोही टिपून घ्या, आयोजकाच्या वहीशी जुळवता येतो. नावं प्रबंधात टाकताना मात्र लेखी संमती हवी, ती पहिल्या भेटीतच घ्या. दुसऱ्यांदा जाईपर्यंत वही रद्दीत गेलेली असू शकते.