मान वर करून वाचायची गोष्ट

नोहाचं जहाज शोधायला थोडा वेळ लागतो, पण एकदा सापडलं की नजर तिथून हलत नाही. जमिनीपासून सुमारे 17 मीटर उंचीवर, दगडी छताच्या वळणावर, एक लांबट नौका पाण्यावर तरंगते आहे. तिच्या टोकाला हिंस्र प्राण्याचं मुंडकं आहे, व्हायकिंगांच्या नौकांवर असायचं तसं. नौकेवर तीन मजल्यांचं घर आहे: खाली चतुष्पाद जनावरं, मधल्या मजल्यावर पक्षी आणि सर्वांत वर माणसं. सगळे कमानींच्या चौकटींतून बाहेर बघत आहेत. एकही जीव दुसऱ्याच्या अंगावर कोंबलेला नाही. खाली पाण्यात मात्र बुडालेल्यांचे देह आहेत. प्रलय म्हटल्यावर सामान्य चित्रकाराचा हात आधी लाटांकडे गेला असता. याने आधी घर बांधलं, ते नीट बसतं केलं, त्यात प्रत्येकाला जागा दिली. जगबुडीची भीती त्याने वादळातून दाखवलेली नाही. वरची शिस्त आणि खालचे देह एकाच नजरेत आणून त्याने ती दाखवली आहे.

हे छत आहे सँ-साव्हँ या गावातल्या मठाच्या चर्चचं. फ्रान्सच्या पश्चिम भागात, जुन्या प्वातू प्रांतात, गार्तांप नदीच्या डाव्या तीरावर हे जेमतेम हजारभर वस्तीचं गाव आहे. मठाची स्थापना नवव्या शतकातली. आजचं चर्च अकराव्या शतकात उभं राहू लागलं आणि त्याच शतकाच्या अखेरीच्या आसपास त्याच्या छतावर बायबलमधल्या उत्पत्ती आणि निर्गम या दोन ग्रंथांची कथा रंगवली गेली. या चित्रांचा पसारा 400 चौरस मीटरांहून मोठा आहे. 1983 साली युनेस्कोने हे चर्च जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तरीही पॅरिस आणि ल्वारच्या राजवाड्यांच्या वाटेने जाणाऱ्यांपैकी फार थोडी पावलं इकडे वळतात, याची मला खंत वाटते. मध्ययुगीन युरोप रंगांमध्ये कसा विचार करत होता हे इतक्या सलगपणे सांगणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

चित्रांकडे जाण्याआधी इमारत नीट पाहायला हवी, कारण इथे गवंड्याने चित्रकाराचं अर्धं काम आधीच करून ठेवलं आहे. मुख्य दालन सुमारे 42 मीटर लांब आहे, त्याचे नऊ खण. पश्चिमेकडच्या पहिल्या तीन खणांमध्ये छताला आडव्या कमानींचे पट्टे आहेत. पुढच्या सहा खणांमध्ये ते नाहीत. तिथे छत एका सलग अर्धवर्तुळाने शेवटपर्यंत धावतं. चित्रकाराच्या दृष्टीने ही केवढी मोठी देणगी! पहिल्या तीन खणांत प्रसंगांना कमानींच्या मर्यादा सांभाळाव्या लागतात. पुढे कथा मोकळी सुटते, एका प्रसंगातली माणसं पुढच्या प्रसंगाला जवळजवळ पाठ टेकून उभी राहतात आणि कथेचा वेग वाढतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. बाजूच्या दोन्ही पडव्या मुख्य दालनाइतक्याच जवळजवळ उंच आहेत. मधल्या छताच्या खाली स्वतःच्या खिडक्या नाहीत. उजेड येतो तो पडव्यांच्या खिडक्यांतून, खांबांमधून वाट काढत, आणि खालून वर चढतो. अशा उजेडात गडद पार्श्वभूमी असती तर सगळं काळवंडून गेलं असतं. म्हणून आकृत्यांच्या मागे फिकट पट्टे आहेत, आणि आकृत्या त्यांवर ठसठशीत रेषांनी उठून दिसतात. रंग मोजकेच: गेरू, पिवडी, हिरवी माती, चुन्याचा पांढरा आणि काळा. एवढ्या शिध्यात त्याने अख्खी सृष्टी निर्माण केली. खालचे उंच, गोल खांबही रंगवलेले आहेत, शिरा असलेल्या संगमरवराचा भास होईल असे. साध्या चुनखडीला उंची वस्त्र नेसवावं तसा हा प्रकार आहे, पण त्यामागे हिशेबही आहे. खांबांवरच्या त्या लाटांसारख्या शिरा नजरेला थांबू देत नाहीत, अलगद वर ढकलतात.

आता छताकडे. दोन्ही उतारांवर दोन-दोन ओळी, म्हणजे एकूण चार ओळींत कथा मांडली आहे. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ वाचत जाता येत नाही. ती बाजू बदलते, ओळ बदलते, मागे फिरते. बऱ्याच अभ्यासकांनी या क्रमाचा उलगडा करण्यात आपली बुद्धी खर्च केली आहे. मला त्यात एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते: ही कथा एका जागी बसून वाचता येतच नाही. पाहणाऱ्याला चालावं लागतं, थांबावं लागतं, वळून पुन्हा मागे यावं लागतं. छायाचित्रांच्या पुस्तकात प्रत्येक प्रसंग सुटा, डोळ्यांच्या पातळीवर, सपाट कागदावर येतो आणि चांगला दिसतोही. पण चालण्यातून येणारी लय त्यात हरवते. माझं म्हणणं एवढंच आहे की सँ-साव्हँचं छत हे चालणाऱ्याचं चित्र आहे, आणि ते कळण्यासाठी पायांनाही डोळ्यांइतकीच सवय लागते.

सूर्य आणि चंद्र निर्माण होतात तो प्रसंग पाहा. परमेश्वर मोठा, उभा, आणि आकाशात सूर्य आणि चंद्राची गोल चकती बसवतो आहे. प्रत्येक चकतीत माणसाच्या छातीपर्यंतची आकृती आहे. सगळं लक्ष मात्र परमेश्वराच्या पायांकडे जातं. ते एकमेकांपुढून जाणारे पाय आहेत, नाचणाऱ्याच्या पावलांसारखे. अंगावरचं वस्त्र त्या हालचालीबरोबर फिरतं आणि त्याच्या निऱ्या पोटावर, मांडीवर गोल गोल वळतात. इथे घनता दाखवायला सावलीचा आधार फारसा घेतलेला नाही, तो भार रेषेनेच उचलला आहे. एक रेष गुडघ्याभोवती वळली की गुडघा पुढे येतो. हात मुद्दाम मोठे आहेत, बोटं लांब. एवढ्या उंचीवरून खालच्या माणसाला हावभाव कळायचा तर हात बोलले पाहिजेत, हे चित्रकाराने ओळखलं होतं. जगाची निर्मिती इथे आज्ञा देऊन होत नाही, ती चालता चालता होते. हा परमेश्वर कामाला लागलेला आहे.

बाबेलच्या मनोऱ्याच्या प्रसंगात हीच देहबोली उलटी वापरली आहे. माणसं दगडाचे चौकोनी घडीव ठोकळे खांद्यावर घेऊन मनोऱ्याकडे जात आहेत. ठोकळा जड आहे हे खांद्याच्या कलण्यावरून कळतं. डाव्या बाजूने परमेश्वर लांब ढांगा टाकत येतो आहे. एकीकडे ओझ्याखालची चाल, दुसरीकडे भाररहित चाल, आणि मधे तो न संपणारा मनोरा. हे चर्च बांधणाऱ्या गवंड्यांनी अशाच खांद्यांवरून दगड वाहून नेले असतील, हे विसरून हा प्रसंग पाहता येत नाही. ज्यांच्या कष्टांवर हे छत उभं आहे त्यांनाच छतावर जागा मिळाली. कथेत ते अपराधी आहेत, पण चित्रकाराच्या रेषेत त्यांच्याबद्दल तुच्छता नाही. काम करणाऱ्या शरीराचा मान तिने राखला आहे.

तांबड्या समुद्राच्या प्रसंगात फराओचा रथ आणि घोडे पाण्यात सापडतात, आणि नोहाच्या पुराची इथे आठवण होते. दोन्ही ठिकाणी पाणी एकाला तारतं, दुसऱ्याला गिळतं. मला वाटतं, नदीकाठच्या मठात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नसेल.

कारण या जागेचा जन्मच नदीच्या काठी घडलेल्या कथेत आहे. चर्चच्या वेदीकडच्या भागाखाली एक तळघर आहे. तिथे साव्हँ आणि सिप्रियाँ या भावांची कथा रंगवली आहे: मॅसेडोनियातून पळून आलेले दोन ख्रिस्ती भाऊ, पाठलाग करणारा अधिकारी, पकड, छळ, आणि शेवटी याच गार्तांपच्या परिसरात शिरच्छेद. इतिहास म्हणून या कथेला आधार नाही, आख्यायिका म्हणून तिने एक गाव उभं केलं. तळघराचं छत ठेंगणं आहे. वर जे 17 मीटरांवरून बघावं लागतं ते इथे हाताच्या अंतरावर येतं. आकृत्या लहान, रंग अधिक ताजे, आणि छळाचे प्रसंग इतके जवळ की मागे सरकायलाही जागा उरत नाही. वरच्या छताची भव्यता आणि खालच्या तळघराची जवळीक, यांत मला निवड करायला सांगितली तर मी वरचं छतच निवडेन. पण तळघर पाहिल्याशिवाय वरचं छत कळत नाही, कारण कोणत्या अंतरासाठी काय आकार लागतो याचं भान तिथे उघडं पडतं.

हे सगळं आज आहे त्याचं श्रेय एका कादंबरीकाराला जातं. सोळाव्या शतकातल्या धर्मयुद्धांनी मठाची नासधूस केली होती, आणि पुढच्या काळातही इमारतीची आबाळ झाली. प्रॉस्पेर मेरीमे 1834 मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक झाला आणि पुढच्याच वर्षी तो इथे पोचला. 1840 साली चर्चला संरक्षण मिळालं, आणि 1845 मध्ये मेरीमेने या चित्रांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्याची ‘कार्मेन’ही छापली गेली. वाचक ‘कार्मेन’ लक्षात ठेवतात. माझ्या मनात मात्र छतावरच्या त्या नौकेपाशी थांबलेला मेरीमे अधिक मोठा आहे. लेखकाने दुसऱ्याच्या कलेसाठी आपली लेखणी झिजवावी, हे फार सुंदर काम आहे.

चर्चमधून बाहेर पडल्यावर नदीकडे उतरावं. पूर्वेच्या बाजूला चर्चचा गोलसर पाठीमागचा भाग आहे, त्यामागे मठाच्या इमारती, बाग आणि मग गार्तांप. तेराव्या-चौदाव्या शतकातला जुना दगडी पूल सँ-साव्हँला पलीकडच्या सँ-झेर्मेंशी जोडतो. त्याच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने टोकदार आकार दिला आहे, पाणी कापून पुढे जावं म्हणून. वर कठड्यात तिथेच त्रिकोणी कोनाडे तयार होतात, पूर्वी गाड्या जाताना पायी माणसाला बाजूला उभं राहायला मिळावं म्हणून. पुलावरून मागे वळून पाहिलं की चर्चच्या मनोऱ्याचं लांब, निमुळतं, गॉथिक शिखर दिसतं. ते 75 मीटरांहून उंच आहे आणि आसपासच्या शेतांवरूनही दिसतं. खालचं दणकट रोमनेस्क वळणाचं शरीर आणि वरचं तीक्ष्ण शिखर यांचं मनोमीलन मला पूर्णपणे पटत नाही. नदीच्या पाण्यात मात्र दोन्ही एकत्र येतात, आणि तिथे तक्रार उरत नाही.

गार्तांप क्रझला मिळते, क्रझ व्हिएनला, आणि व्हिएन ल्वारला. समुद्रातून वर येणाऱ्या साल्मन माशांची ही फार जुनी वाट होती. व्हिएनवर 1920 च्या दशकात मेझों-रूझचं धरण बांधलं गेलं आणि ती वाट बंद झाली. 1998 साली ते धरण पाडलं, आणि साल्मन पुन्हा या नदीकडे येऊ लागले. मोठं बांधकाम कायमचं नसतं हे मान्य करून नदीला तिची वाट परत देण्याचा निर्णय मला या खोऱ्यातल्या कुठल्याही स्मारकाइतकाच आदराचा वाटतो.

काठाने प्रवाहाच्या उलट दिशेने चाललं की तासाभरात आंतिन्यी येतं. इथे चौकात एक पोकळ दगडी स्तंभ उभा आहे, ‘मृतांचा दिवा’. मध्ययुगात रात्री त्याच्या माथ्यावर दिवा लावायचे. त्याच्या जवळच्या चर्चमध्ये, आणि आणखी पुढे झुए गावातल्या लहानशा प्रार्थनामंदिरात, पंधराव्या-सोळाव्या शतकांतली चित्रं आहेत. दोन्हीकडे एक ओळखीचा विषय आहे: शिकारीला निघालेले तीन उमदे तरुण आणि त्यांच्यासमोर उभी राहिलेली तीन प्रेतं.

सँ-साव्हँच्या चित्रकाराची झेप इथे नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. रेष जड आहे, चेहरे एकाच साच्यातले. पण इथे चित्र मान वर करून पाहायचं नाही. ते भिंतीवर डोळ्यांसमोर आहे, आणि मेलेल्यांची नजर जिवंतांइतकीच पाहणाऱ्यावर पडते. चित्र गावकऱ्याला बाजूला उभा राहू देत नाही, त्याला सातवा म्हणून आत ओढतं. म्हणून माझी सूचना अशी की आंतिन्यी आणि झुए आधी पाहावेत, आणि मग प्रवाहाबरोबर चालत सँ-साव्हँला यावं. त्या तीन प्रेतांना एवढ्या जवळून भेटून आलेल्या माणसाला सूर्य-चंद्र बसवणाऱ्या परमेश्वराची ती नाचरी पावलं अधिक हलकी वाटतात.