डिप्लुरा : पाठ्यपुस्तकातील एका वाक्याची तपासणी

पदवीच्या प्राणिशास्त्राची किंवा कृषी कीटकशास्त्राची क्रमिक पुस्तके चाळली, तर पंखहीन प्राण्यांच्या प्रकरणात डिप्लुरा या गणाला दोन-चार ओळी मिळालेल्या दिसतात. त्यांचा आशय साधारण असा असतो : हे आदिम, पंखहीन कीटक आहेत, ते दगडांखाली व गुहांत राहतात, अंधारात राहिल्यामुळे त्यांचे डोळे नाहीसे झाले आहेत. वाक्य सुटसुटीत आहे, परीक्षेत लिहायला सोपे आहे. नेमके म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते. त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान आज तपासणीत टिकत नाही.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. 'डिप्लुरा' म्हणजे दुहेरी शेपटीचे. बहुतेकांची लांबी एक सेंटिमीटरपेक्षा कमी असते. अंग पांढुरके, पाय सहा, मण्यांच्या माळेसारख्या शृंगिका आणि मागे दोन पुच्छिका. कॅम्पोडिइडी कुलात या पुच्छिका लांब व धाग्यासारख्या असतात, तर जॅपिजिडी कुलात त्यांचा चिमटा झालेला असतो. घरातल्या जुन्या पुस्तकांत सापडणाऱ्या कसरीला तीन शेपट्या आणि डोळे असतात, त्यामुळे गोंधळ होण्याचे कारण नाही.

आता पहिले विधान : हे 'कीटक' आहेत का? कार्ल बर्नर यांनी 1904 मध्ये या गणाला नाव दिले, तेव्हा सहा पायांचे सगळेच प्राणी कीटक मानले जात. पुढे विली हेनिग यांनी 1953 मध्ये जबड्यांच्या ठेवणीवर बोट ठेवले. डिप्लुरा, कोलेम्बोला आणि प्रोट्युरा यांचे जबडे डोक्याच्या आत, पिशवीत ठेवल्यासारखे असतात. कसर, झुरळ, फुलपाखरू यांचे मुखावयव मात्र बाहेर असतात. दुसरा फरक शृंगिकांचा. डिप्लुराच्या शृंगिकेत शेवटचा सोडून प्रत्येक खंडाला स्वतःचे स्नायू असतात, तर खऱ्या कीटकांत ते फक्त बुडाशी असतात. म्हणून आज डिप्लुरा हे षट्पाद प्राणी आहेत, पण काटेकोर अर्थाने कीटक नव्हेत, असे मानतात. 2014 मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या, 1478 जनुकांच्या तुलनेवर आधारलेल्या अभ्यासात डिप्लुरा हे कीटकांचे सर्वांत जवळचे भाऊबंद ठरले. काही अभ्यासांत ते प्रोट्युराच्या जवळ जातात, म्हणजे वाद पूर्ण मिटलेला नाही. 'आतील जबड्यांचे' तिन्ही गण एकाच पूर्वजाचे की नाहीत, हाही प्रश्न त्यातूनच उभा राहतो. विद्यार्थ्याला हा वाद सांगण्यात कमीपणा काय आहे? उलट, वर्गीकरण म्हणजे कायमची लावून ठेवलेली कपाटे नव्हेत, पुराव्यावर उभे राहिलेले अनुमान आहे, हे त्याला येथेच कळेल.

दुसरे विधान 'आदिम' असण्याचे. एकोणिसाव्या शतकात ब्राउअर आणि लबक यांना कॅम्पोडिया हा कीटकांच्या मूळ पूर्वजाचा नमुना वाटला होता. त्यावरून काही अळ्यांना 'कॅम्पोडिफॉर्म' हे विशेषण मिळाले. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही मित्रकीटकांची, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याची किंवा क्रायसोपाची, चपळ अळी ओळखताना हाच शब्द भेटतो. शब्द वर्णन म्हणून सोयीचा आहे, तो राहू द्यावा. पण त्यामागचा समज मात्र गेला आहे. आज जिवंत असलेला कोणताही प्राणी दुसऱ्या जिवंत प्राण्याचा पूर्वज नसतो. दोघेही आजच्याच काळापर्यंत चालत आलेले असतात.

तिसरे विधान आम्हाला सर्वांत घातक वाटते : अंधारात राहिल्यामुळे डोळे गेले. एक तर यातून, न वापरलेला अवयव गळून पडतो, अशी लामार्कच्या वळणाची समजूत नकळत मुलाच्या मनात रुजते. दुसरे म्हणजे, डिप्लुराच्या बाबतीत गुहेचा येथे काही संबंधच नाही. बागेतल्या कुंडीखाली सापडणारा डिप्लुरा आणि खोल गुहेतला डिप्लुरा, दोघेही सारखेच आंधळे आणि फिकट असतात. डोळे नसणे हा आजच्या सगळ्या गणाचाच गुण आहे.

तुलनेसाठी एक मासा घेऊ. फ्रान्सिस डे यांनी 1872 मध्ये पुण्याच्या माशांवरून नेमाचिलस इव्हेझार्डी ही जाती वर्णिली. नदीतल्या या माशाला नीट डोळे आहेत. छत्तीसगडमधील कोटमसर गुहेत याच नावाने अभ्यासल्या गेलेल्या माशांत मात्र डोळे खुरटलेले व रंग फिका आढळतो. येथे डोळ्यांवरून गुहेविषयी काही अनुमान काढता येते, कारण तुलनेला डोळस नातेवाईक उभा आहे. डिप्लुरात असा डोळस नातेवाईक उरलेलाच नाही.

मग गुहावासी डिप्लुरा ओळखायचा कसा? त्याचे पाय, शृंगिका आणि पुच्छिका लांबलेल्या असतात, शृंगिकेचे खंड वाढलेले असतात आणि तिच्या टोकावरील गंधग्राही इंद्रिय अधिक गुंतागुंतीचे असते. स्पेनमधील गुहांत सापडलेल्या अशाच एका लांबट प्राण्याला 2006 मध्ये 'गोलमजॅपिक्स स्मीगोल' असे, टोल्किनच्या कथेतील गुहावासी पात्रावरून नाव दिले गेले.

पण येथेही सावध राहावे लागते. लांब पाय हे राहणीचे लक्षण आहे, नात्याचे नव्हे. वेगवेगळ्या प्रजातींतील प्राणी गुहेत शिरले, की स्वतंत्रपणे लांबोडके होतात. शिवाय पुच्छिका फार ठिसूळ असतात. पकडताना त्या तुटतात. आणि हे प्राणी जन्मभर कात टाकत असल्यामुळे तुटलेल्या शृंगिका व पुच्छिका पुन्हा उगवतात, पण खंडांची संख्या पूर्वीइतकीच भरेल याची खात्री नसते. केवळ खंड मोजून नाव ठरवणारी ओळखतालिका म्हणूनच फसवी ठरते. जाणकार छातीच्या व पोटाच्या खंडांवरील ठळक रोमांची मांडणी, नखरांचा आकार आणि पोटाच्या पहिल्या खंडावरील उपांगे पाहतात. अशाच बारकाव्यांवरून कॅनडातील व्हँकुव्हर बेटाच्या गुहांतील हॅप्लोकॅम्पा वॅग्नेली ही जाती 2019 मध्ये वर्णिली गेली आणि तिच्या प्रजातीचे नाते पॅसिफिक महासागरापलीकडच्या आशियाई पॅसिफिकॅम्पाशी जुळले. बेरिंगच्या भूसेतूवरून झालेल्या प्रवासाचा हा पुरावा. नुसते 'लांब पायांचे आंधळे' असे लिहून थांबलो असतो, तर हा इतिहास हातातून निसटला असता. आपल्याकडेही सिक्कीममधील रावंगला येथून भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या संशोधकांनी लेपिडोकॅम्पा सिक्किमेन्सिस ही जाती वर्णिली आहे.

परभणीच्या शिक्षकाला याचा काय उपयोग? जिंतूरजवळच्या नेमगिरीला सहल गेली, तर मुले विचारतील की गुहेतले आंधळे प्राणी येथे असतात का. येथला जवळजवळ सारा खडक बेसाल्ट आहे. मेघालयासारख्या चुनखडीच्या गुहा येथे नाहीत. पण ज्युबर्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये दाखवून दिले, की माती आणि सलग खडक यांच्यामधल्या फटींतही गुहेसारखे जीवन असते. आपल्या भाषेत सांगायचे, तर मुरमाखालच्या भेगाळ खडकाकडे पाहायला हवे. पावसाळ्यात शाळेच्या आवारातील ओला पालापाचोळा पत्र्याच्या नरसाळ्यात जाळीवर ठेवा, वर विजेचा दिवा लावा, खाली स्पिरिटची बाटली ठेवा. उष्णता व कोरडेपणा टाळत मातीतले प्राणी खाली उतरतात. बर्लीज यांची ही युक्ती 1905 पासून चालत आलेली आहे. दहापट भिंगाने गण ओळखता येतो. जातीचे नाव ठरवायला सूक्ष्मदर्शक आणि जाणकार लागतो, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

पुस्तकातील ते वाक्य आम्ही असे लिहू : डिप्लुरा हे कीटकांच्या जवळचे, आतील जबड्यांचे षट्पाद प्राणी होत; ते सर्वच डोळ्यांविना असतात, आणि त्यांतील काही गुहेतील राहणीला अनुरूप असे लांबट झालेले आहेत. शब्द थोडे वाढले, पण पाठ केलेले खोटे पुसण्यापेक्षा हे कष्ट कमीच आहेत.