यंत्राचा ठेका, माणसाचा सूर

यंदा गणपतीत एक जुना विद्यार्थी घरी आला आणि म्हणाला, "सर, डोळे मिटा आणि एवढं ऐका." मी मिटले. भैरव! ओळखीचा, पहाटेचा भैरव. पण तबल्याच्या जागी डिस्कोचा ठोका आणि सूर सगळे विजेचे. प्रथम त्याचा कान धरावासा वाटला. मात्र पाचेक मिनिटांनी डोळे उघडले, तेव्हा समोरचा चहा निवून गेला होता.

ही तबकडी १९८२ सालची. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे तिचे लांबलचक नाव. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटांतील वादक. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यांनी जमवली : एक ठोके देणारे, एक खर्जाचे सूर फिरवणारे आणि एक हाताने वाजवायचे. त्यांवर दहा राग बसवले. एच. एम. व्ही.ने तबकडी काढली; पण तिची फारशी वास्तपुस्त झाली नाही. २०१० साली ती हॉलंडमधून पुन्हा निघाली आणि पाश्चात्त्य रसिक थक्क झाले. कारण शिकागोच्या ज्या 'अ‍ॅसिड हाउस' संगीताची पहिली गाजलेली तबकडी १९८७ची, त्याच्याशी तिचे विलक्षण साम्य होते. सत्तरी ओलांडलेल्या सिंगांना परदेशी रंगमंच लाभले. २०१५ साली ते निवर्तले.

आधी कोणी केले, हा वाद मला गौण वाटतो. खरा प्रश्न असा, की या संगीतात माणूस बुडतो तो कशाने? वाचकहो, आमच्या दहिवलीत एकादशीच्या भजनाला येऊन बसा. टाळ तेच, ठेका तोच, चरण तोच. मन आधी कंटाळते, मग मोजणे सोडते आणि नकळत आत उतरते. यंत्राचा ठेकाही हेच करतो. शिवाय खर्जाचे यंत्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, तेव्हा मींडेची आठवण होते.

तरीही एक उणीव सांगितलीच पाहिजे. भजनाचा ठेका माणसांबरोबर चढतो. हा यंत्राचा ठेका कोणासाठी थांबत नाही. आमच्याकडे भीमाशंकराच्या डोंगरावर ढग हळूहळू दाटतात. इथला मेघमल्हार मात्र घाईत येतो. आलापीला उसंत नाही. त्यामुळे ललत काय आणि मालकंस काय, एकाच शिंप्याचे कपडे घालून आल्यासारखे वाटतात.

"मग सर, ही नुसती गुंगीच का?" विद्यार्थ्याने विचारले.

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी उल्हास नदीच्या पुलावरून शाळेत जाताना मी काहीतरी गुणगुणत होतो. नीट ऐकले, तर तो डिस्कोचा ठोका नव्हता. भैरवातला कोमल ऋषभ होता. गुंगी उतरली की मागे काही राहत नाही. तल्लीनता काहीतरी हाती ठेवून जाते. यंत्राने मला बसवून ठेवले खरे; पण माझ्याबरोबर पुलावर आला तो सिंगांच्या बोटांतला सूर.

त्या विद्यार्थ्याला दिवाळीत पुन्हा बोलावले आहे. येताना राहिलेले राग घेऊन ये, असे सांगितले आहे. चहा मात्र आधी पिणार आहोत.