राजवाड्याच्या गच्चीवरून दिसलेले गाव

रत्नागिरीकरांना थिबा राजवाडा नव्याने दाखवावा लागत नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली येथे आणला गेला व १९१६ साली येथेच निवर्तला, हे घरोघरी ठाऊक आहे. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) ही इंग्रजी कादंबरी आम्ही वाचावयास घेतली ती वेगळ्याच कुतूहलाने. राज्य कोसळल्यावर, युद्ध आणि यादवी ओढवल्यावर शहरातील साधी माणसे दिवस कसे कंठतात, हे ती सांगते काय?

पुष्कळ अंशी सांगते. १८८५ साली मंडालेवर चालून येणाऱ्या इंग्रजी तोफांचा आवाज आपण ऐकतो तो खाणावळीत राबणाऱ्या एका पोरक्या मुलाच्या कानांनी. नगरजन राजवाडा लुटावयास शिरतात आणि राणी सुपयालत समोर येताच सवयीने तिच्यापुढे लवतात. सत्ता एका दिवसात जाते, मनातला दरारा जात नाही, हे लेखकाने एकाच प्रसंगात दाखविले आहे. पुढे १९९६ च्या रंगूनमध्ये, लष्करी अमलाखाली, वृद्ध दिनूच्या फोटो स्टुडिओत तरुण मंडळी जमतात. विषय छायाचित्रांचा, पण तेवढ्या खोलीत माणसे आपल्या मनचे बोलावयास शिकतात.

तथापि दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी यादवी पेटली. १९४९ मध्ये करेन उठले, १९६२ मध्ये सेनापती ने विन यांनी सत्ता बळकावली. करेन व काचिन लोकांत ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ. म्हणून ही वर्षे आम्हांस अधिक भिडतात. कादंबरी मात्र ती घाईने ओलांडते.

दुसरी उणीव आमच्या अंगणातली. राजा उंचावरून दुर्बिणीने मच्छीमारांच्या होड्या न्याहाळतो आणि गाव त्याला आपला राखणदार मानू लागते. प्रसंग सुंदर आहे. परंतु होडीची वाट पाहणाऱ्या कोळणीच्या मनात आपण शिरत नाही. गाव दिसते ते गच्चीवरून. राजकन्येचे मन जिंकणारा सावंत हाच काय तो खाली उतरण्याचा जिना! इतिहासातही थोरल्या राजकन्येला येथल्या गोपाळ सावंतांपासून मुलगी झाली. ती टुटू मराठी बोलत याच गावात संसार करून गेली. राजवंशाची नात शेजारीण होते, यापरते मोठे स्थित्यंतर कोणते?

२०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीस येऊन गेले. २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि यादवी देशभर भडकली. दिनूच्या खोलीचे मोल आता अधिकच कळते. वाचकांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. आणि खालच्या गावाची गोष्ट आपल्यापैकी कोणीतरी मराठीत लिहावी, एवढीच आमची विनंती.