जागा नसेल तर तसे सांगणारे नेटवर्क

एसटीडीच्या काळात ‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत’ ही सूचना ऐकून माणूस वैतागायचा. पण ज्यांचे बोलणे आधीच सुरू होते, त्यांचा एक शब्दही त्यामुळे तुटत नसे. किती लाइन ठेवल्या तर किती कॉल परतवावे लागतील, याचा हिशेब कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी १९१७ मध्येच मांडला होता. इंटरनेटने हा नकारच काढून टाकला. येईल त्याला आत घ्यायचे आणि गर्दीचा त्रास सर्वांनी सोसायचा. फाइल उतरवताना हे चालते. आवाजाचे तसे नाही. इंटरनेटवरून जाणाऱ्या एका साध्या आवाजी कॉलला सेकंदाला साधारण ५० पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, लागतात, ती वेळेत पोचावी लागतात, आणि एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपलीकडे वाढत गेला की दोघेही एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

१९९७ च्या आरएसव्हीपी प्रमाणकाने वाटेवरच्या प्रत्येक राऊटरकडे जागा राखून ठेवण्याचा मार्ग दिला. मात्र प्रत्येक प्रवाहाची नोंद प्रत्येक राऊटरने सांभाळायची, हे ओझे मुख्य वाहिन्यांवर पेलण्यासारखे नव्हते. त्यातून २००० च्या सुमारास एक देखणी कल्पना पुढे आली. स्टॉकहोमचे एलेक, कार्लसन आणि र‍्योनग्रेन, तसेच अमेरिकेतले ब्रेसलाउ, नाइटली, शेंकर, स्टोइका आणि झांग यांनी तिचा तपशीलवार अभ्यास केला. कॉल सुरू करण्याआधी टोकाच्या यंत्राने त्याच वेगाने चाचणी पॅकेट पाठवायची, पलीकडच्याने किती पोचली ते मोजायचे, आणि गळती मर्यादेत असेल तरच कॉल सुरू करायचा. राऊटरला कोणाचीही नोंद ठेवावी लागत नाही.

मला ही कल्पना आजही पटते. तिचा कच्चा दुवा मात्र मोजमापातच आहे. समजा, हजारात एक पॅकेट गळाले तर चालेल असे आपण ठरवले आणि दोन सेकंदांत १०० चाचणी पॅकेट पाठवली. वाटेवर प्रत्यक्षात शंभरात एक गळत असेल, म्हणजे दहापट अधिक, तरी सुमारे ३७ टक्के वेळा शंभरच्या शंभर पॅकेट सुखरूप पोचतील आणि कॉल आत घेतला जाईल. चाचणी लांबवली तर बोलणारा ताटकळतो. शिवाय अनेकांनी एकाच वेळी चाचणी सुरू केली, तर चाचण्यांचीच गर्दी होऊन जागा असूनही सगळे परततात.

यावर दोन उपाय सुचवले गेले. एक, चाचणी पॅकेटना कमी प्राधान्य द्यायचे, म्हणजे गर्दीची झळ आधी त्यांना लागते आणि चालू कॉल बचावतात. दुसरा मला अधिक मोलाचा वाटतो: पॅकेट गळण्याची वाट न पाहता, वाहिनी भरत आली की राऊटरनेच पॅकेटवर खूण करायची. २००९ च्या ‘प्री-कंजेशन नोटिफिकेशन’ रचनेने हेच केले. पण ती एकाच व्यवस्थापनाखालच्या, परस्परांवर विश्वास ठेवणाऱ्या नेटवर्कपुरती आहे. टोकाचे यंत्र खोटे बोलले, नकार मिळूनही कॉल सुरू केला, तर काय, या प्रश्नाकडे संशोधनाने पुरेसे लक्ष दिले नाही. गळतीच्या आलेखांवर खर्च झालेली मेहनत इथे हवी होती.

दरम्यान व्यवहाराने वेगळी वाट धरली. नकार द्यायचा नाही, दर्जा उतरवायचा. मार्च २०२० मध्ये युरोपात नेटफ्लिक्सने व्हिडिओचा बिटरेट उतरवून नेटवर्कवरचा आपला भार सुमारे २५ टक्क्यांनी कमी केला आणि प्रेक्षकांचे फारसे अडले नाही. सिनेमासाठी हे योग्यच आहे. दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रातून तज्ज्ञ डॉक्टरला रुग्णाची त्वचा किंवा सोनोग्राफी थेट दाखवायची असेल, तर धूसर चित्र हा तडजोडीचा विषय राहत नाही. एका किमान दर्जाखाली तो कॉल निरुपयोगी असतो, आणि तो चालू राहिल्याने शेजारच्या कॉलचीही जागा जाते. ४जी मधल्या व्होल्टी आवाजासाठी बेस स्टेशन असा नकार देऊ शकते. पण ती सोय त्या कंपनीच्या स्वतःच्या आवाज-सेवेपुरती असते, इंटरनेटवरून चालणाऱ्या इतर ॲपच्या वाट्याला ती सहसा येत नाही.

म्हणून दूरवैद्यकीय सेवेची ॲप बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे. सल्ला सुरू होण्यापूर्वी काही सेकंद वाट मोजा, आणि किमान दर्जा मिळत नसेल तर डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही तसे स्पष्ट सांगून पुढची वेळ द्या.