थंबलिनाचा नवरदेव कोण?

हान्स ख्रिश्चन अँडरसन यांची ‘थंबलिना’ ही कथा १८३५ साली डॅनिश भाषेत प्रसिद्ध झाली. तीत अंगठ्याएवढ्या मुलीचे लग्न जमिनीखाली राहणाऱ्या श्रीमंत ‘मोल’शी ठरते आणि एक भिंगरी पक्षी तिची सुटका करतो. नांदेड-लातूरच्या वर्गात ही कथा सांगताना अडचण येते ती या नवरदेवाची. दख्खनच्या पठारावर मोल नाही. भारतात तो पूर्व हिमालयात व ईशान्येकडे आढळतो.

प्राण्याचे वर्णन म्हणून कथा बरीच खरी आहे. मोलचा काळा मखमली कोट ही केवळ कविकल्पना नव्हे. त्याची आखूड लव पुढे-मागे कशीही वळते, त्यामुळे अरुंद बोगद्यात तो मागेही सहज सरकतो. डोळे अगदी बारीक असतात. मात्र कथेतला मोल नाकाने छताला भोक पाडतो; खरा मोल फावड्यासारख्या पुढच्या पंजांनी खणतो आणि सुटी माती वर ढकलतो. युरोपातील हिरवळींवर दिसणारे मातीचे ढीग ते हेच.

भाषांतर करणाऱ्याच्या हाताशी दोन मराठी शब्द असतात. चिचुंद्री ही मोलची खरोखरच नातेवाईक. दोघेही कीटकभक्षक, उंदीर नव्हेत. पण चिचुंद्री मातीचे ढीग करीत नाही. आपल्या बागेत व बांधावर ढीग करते ती घूस. ती मात्र उंदरांच्या कुळातली, कुरतडणारी. मोल खातो गांडुळे, घूस पळवते धान्य. शिवाय मराठीत दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, म्हणजे नवरदेवाची पंचाईतच!

अशी गफलत उलट दिशेनेही झाली आहे. घुशीचे इंग्रजी नाव ‘बँडिकूट’ हे तेलुगू ‘पंदिकोक्कु’वरून आले. त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर. देगलूर-धर्माबादकडील तेलुगू बोलणाऱ्या मुलांना तो सांगावा लागणार नाही. पुढे युरोपीयांनी हेच नाव ऑस्ट्रेलियातील, पोटाशी पिशवी असलेल्या अगदी वेगळ्या प्राण्यांना दिले.

नावाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की बागेतली नासधूस घुशीची आणि मार मात्र झुरळे-किडे खाणाऱ्या चिचुंद्रीला. म्हणून आमच्या मते कथेत ‘मोल’ हेच नाव ठेवावे आणि मुले त्याचा अर्थ किंमत असा घेतील, तेव्हा दोन वाक्यांत प्राण्याची ओळख करून द्यावी.

नंतर मुलांना शाळेच्या आवारातील मातीचा ढीग दाखवावा. जवळ बीळ आहे का? मुळे कुरतडली आहेत का? बिळात हात मात्र कोणीही घालू नये. आत साप असू शकतो. अँडरसनची कथा दूरच्या प्राण्याची आहे. ती नीट सांगितली, तर आपल्या पायाखालचा प्राणीही मुलांना ओळखता येईल.